उभी गाडी कोणाला जाऊन धडकली?

मा. संपादक, स.न.वि.वि.

कालच्या अंकात उभ्या गाडीला कोणी ठोकलं तर चूक कोणाची यावर तुम्ही अर्धं पान खर्च केलंत, आणि शेवटी निघालं काय तर 'दोन्ही बाजू तपासाव्या लागतात'. दुसरी बाजू कुठली हो? गाडी बंद, हँडब्रेक ओढलेला, किल्ली माझ्या खिशात आणि मी तिसऱ्या मजल्यावर चहा पीत बसलेलो.

गणपतीच्या आधीची गोष्ट. तारीख विषम, गाडी पी-१ च्या, म्हणजे विषम तारखांच्या पार्किंगच्या बाजूला, म्हणजे नियमातच. खाली एक टेम्पो रिव्हर्स घेत होता आणि त्याचा क्लीनर मागे उभा राहून 'येऊ दे येऊ दे' करत होता, ते मी गॅलरीतून ऐकतोय. 'बस्स' पण ऐकलं, पण ते धाडकन आवाज आल्यावर. खाली पोचलो तर क्लीनर गायब आणि ड्रायव्हर मलाच म्हणतो, काका तुमचं मागचं चाक पट्ट्याच्या बाहेर आहे. होतं ना, वीतभर होतं! त्याचा दंड सरकारला भरतो की, पण म्हणून माझी गाडी त्याच्या टेम्पोवर चालून गेली का? रात्री हायवेवर दिवे न लावता ट्रक उभा केला तर गोष्ट वेगळी, तिथे कोर्टही दोघांना धरतं. इथे सकाळचे साडेनऊ, लख्ख ऊन.

हवालदारसाहेब आले, फोटो काढले आणि म्हणाले, 'आपसात मिटवा, कोर्टाच्या चकरा कशाला'. ड्रायव्हरने पाचशेची नोट काढली. पाचशेत टेललाइटचा स्क्रू येतो हल्ली.

विमावाले त्याहून भारी. चूक टेम्पोची हे त्यांना मान्य, पण क्लेम माझ्याच पॉलिसीवर करा म्हणे, म्हणजे पाच वर्षं जपलेला ५० टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट हो) शून्यावर, शिवाय प्लास्टिकच्या पार्टचे निम्मेच पैसे आणि वरचे हजार माझे. नाहीतर टेम्पोच्या थर्ड पार्टी विम्यातून घ्या, त्यासाठी मोटार अपघात न्यायाधिकरणात अर्ज, तोही सहा महिन्यांच्या आत. बंपर आणि एका दिव्यासाठी! शेवटी ११,८०० रुपये मुकाट्याने खिशातून भरले. तर चूक कोणाची हे ठरवायचं नंतर, बिल कोणाचं ते आधीच ठरलेलं असतं, एवढं एक वाक्य तुमच्या अर्ध्या पानात मावलं नाही का?

टेललाइटचे लाल तुकडे मी गोळा करून ठेवलेत, तुमच्याच रविवारच्या पुरवणीत बांधून. तेवढा तरी तिचा उपयोग झाला.

आणि हो, मागच्या महिन्यात पाणीकपातीवरचं माझं पत्र छापलंत त्यात मुद्द्याचा परिच्छेदच उडवला होतात. या वेळी कापायचंच असेल तर वरचं 'मा.' कापा.

– एक वाचक, कोथरूड, पुणे