सूचना : रविवारची बैठक कॉर्नेल वूलरिच यांच्या कथांवर
सर्व सभासदांस कळविण्यात येते की, आपल्या वाचनगटाची बैठक येत्या रविवारी सायंकाळी सहा वाजता सदाशिव पेठेतील नेहमीच्या जागी होईल. विषय आहे अमेरिकी रहस्यकथाकार कॉर्नेल वूलरिच (१९०३–१९६८) आणि त्यांच्या कथांवरील चित्रपट.

त्यांची १९४२ साली प्रसिद्ध झालेली ‘इट हॅड टू बी मर्डर’ ही कथा सर्वांनी वाचून यावी, अशी आग्रहाची विनंती आहे. कारण दिग्दर्शक हिचकॉक यांनी तिच्यावरून १९५४ मध्ये केलेल्या ‘रिअर विंडो’ या चित्रपटात नायकाची प्रेयसी आणि परिचारिका ही पात्रे नव्याने आली आहेत, तर खिडकीशी बसलेल्या निवेदकाचा पाय प्लास्टरमध्ये आहे, हे मूळ कथा अगदी शेवटी उघड करते. माझ्या मते कथेची खरी कारागिरी या लपवण्यातच आहे. ‘आय मॅरीड अ डेड मॅन’ या कादंबरीचे कथासूत्र ‘कटी पतंग’मुळे आपल्याकडे घरोघरी पोहोचले, परंतु मूळ लेखकाचे नाव क्वचितच घेतले जाते, याची खंत वाटते. फ्रेंच दिग्दर्शक त्रुफो यांनीही वूलरिच यांच्या दोन कादंबऱ्या पडद्यावर आणल्या.

आयुष्याची बरीच वर्षे आईसोबत न्यूयॉर्कमधील हॉटेलात काढलेल्या या एकाकी लेखकाने आपली संपत्ती कोलंबिया विद्यापीठाला, लेखन शिकणाऱ्यांना आईच्या नावाने शिष्यवृत्ती मिळावी म्हणून दिली.

बैठकीत ‘रिअर विंडो’ दाखवला जाणार नाही. तो आधीच पाहून यावा. कथासंग्रहाची गटाकडे एकच प्रत असल्याने ती नेणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी परत करावी.

— कार्यवाह