मर्यादा बदलली, पाटी कुठे?

महोदय,

गेल्या महिन्यात मोबाइलवर ई-चलन आले. फोटोत गाडी माझीच. वेग ताशी 74 किमी, मर्यादा 60. रस्ता चौपदरी, मध्ये दुभाजक, म्हणजे मोटारीला 100 पर्यंत मुभा असणार, या समजुतीने मी आपला रमतगमत चाललो होतो. (शेजारून सौ.ने 'जेवायच्या वेळेला तरी पोचू ना?' असे विचारलेही होते.) रविवारी मुद्दाम त्याच जागी गेलो. 60 ची पाटी होती, पण कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सआड. शून्याचा खालचा अर्धा भाग तेवढा दिसत होता.

केंद्राने एप्रिल 2018 मध्ये मोटारींसाठी द्रुतगती मार्गावर 120, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर 100 आणि शहरात 70 अशी कमाल मर्यादा ठरवली. राज्यांना ती खाली आणता येते. म्हणून समृद्धीवर 120, मुंबई-पुणे द्रुतगतीवर सपाटीला 100 आणि बोरघाटात 60. उत्तर प्रदेशात यमुना द्रुतगती मार्गावर तर हिवाळ्यात धुक्यामुळे मर्यादा उतरवतात. यात वावगे काहीच नाही. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना पुढच्या ट्रकच्या ब्रेकचा जळका वास ज्याच्या नाकात गेला आहे, तो 60 वर कुरकुर करणार नाही. (वेगनियंत्रक बसवलेली पिवळ्या नंबरप्लेटची टॅक्सी 80 च्या वर जातच नाही. समृद्धीवरची 120 ची पाटी तिच्या चालकाने नुसती वाचायची!)

माझा मुद्दा पाटीचा आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम 112 सांगते की, एखाद्या रस्त्यावर किंवा पुलावर वेगळी मर्यादा घालायची तर राज्य सरकारने राजपत्रात अधिसूचना काढावी आणि योग्य जागी फलकही लावावेत. म्हणजे नुसत्या अधिसूचनेवर भागत नाही. फलक झाकला गेला असेल, तर चालकाने मर्यादा ओळखायची कशी? मोबाइलचा नकाशा कधी 80 सांगतो, कधी गप्पच बसतो.

तेव्हा मर्यादा उतरणार असेल तिथे अर्धा किलोमीटर आधी एक पाटी हवी आणि प्रत्येक फाट्यानंतर पुन्हा एक, कारण फाट्यावरून रस्त्याला लागणाऱ्याने मागची पाटी पाहिलेलीच नसते. शिवाय चलनासोबत गाडीचा फोटो येतो, तसा त्या दिवशीचा पाटीचा फोटोही यावा.

फ्लेक्सचा फोटो जोडून मी ऑनलाइन तक्रार केली आहे. उत्तर येईपर्यंत दंड भरणार नाही.

– एक वाचक, संगमनेर