बँजोची पाचवी तार

रॅले, नॉर्थ कॅरोलिना

प्रिय श्रीधर,
सप्रेम नमस्कार.

इथे आल्यावर माझे गाण्याबजावण्याचे वेड टिकले की संपले, असे तू विचारले होतेस. टिकले आहे, सध्या मी आमच्या भागातल्या एका तंतुवाद्यवृंदाच्या नादी लागलो आहे. फिडल (म्हणजे व्हायोलिनच), बँजो (कातडे मढवलेले, लांब दांडीचे तंतुवाद्य), गिटार आणि उभा बास (माणसाएवढे, खर्जाचे तंतुवाद्य) वाजवणारी चार माणसे, मध्ये एकच माइक, आणि ड्रमचा पत्ता नाही.

ही मंडळी ओल्ड-टाइम आणि ब्लूग्रास असे अमेरिकी लोकसंगीताचे दोन्ही प्रकार वाजवतात. केंटकीच्या बिल मन्रोच्या वृंदात १९४५च्या डिसेंबरात आमच्याच राज्यातला एकवीस वर्षांचा अर्ल स्क्रग्ज तीन बोटांनी बँजो वाजवत दाखल झाला आणि ब्लूग्रासला त्याचे आजचे रूप आले: भरधाव लय, आणि प्रत्येकाने आळीपाळीने पुढे येऊन हात दाखवणे. ते ऐकायला झकास वाटते, पण माझा जीव रमतो तो त्याहून जुन्या, ॲपलाचियन डोंगरांतल्या नाचांसाठी वाजवल्या जाणाऱ्या ओल्ड-टाइममध्ये. तिथे फिडल आणि बँजो एकच धून एकदमच वाजवतात, आणि कोणी एकटा भाव खाऊन जात नाही.

या बँजोवर हाताचा पंजा आखडून नखाची पाठ तारेवर वरून खाली मारतात, आणि पाठोपाठ अंगठा पाचव्या तारेला छेडतो. ही तार आखूड असते, तिची खुंटी दांडीच्या मधेच, पाचव्या पडद्याजवळ बसवलेली असते, आणि बहुतेक वेळ ती एकच सूर देत राहते. तुझ्या सतारीची चिकारीच म्हण ना! फिडलवालाही काही धुनांसाठी खालच्या दोन तारा एकेक स्वर चढवून सा-प-सा-प असे जुळवतो आणि शेजारची तार गुंजत ठेवतो. धुनेचे दोन भाग, प्रत्येक दोनदा, आणि मग तेच पुन्हा पुन्हा. चार-पाच आवर्तनांपर्यंत काही घडत नाही असे वाटते. त्यानंतर गजाच्या एखाद्या झटक्याने सगळा ठेका किंचित कलतो, आणि नाचणाऱ्यांच्या बुटांनी लाकडी जमीन दणाणू लागते. थांबायची वेळ आली की फिडलवाला नुसता एक पाय उचलतो.

एक गोष्ट मात्र मला खटकते. बँजोचे मूळ रूप आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी घडवले, तरी आज श्रोत्यांत आणि वादकांत बहुतेक सगळे गोरेच दिसतात. १९२०च्या दशकात ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी हे संगीत गोऱ्यांचे आणि ब्लूज काळ्यांचे अशी वाटणी करून माल विकला, त्यामुळे कृष्णवर्णीय तंतुवृंदांचे फारच थोडे वादन मुद्रित झाले. आमच्याहून तासाभरावरच्या मेबन गावच्या जो थॉम्पसन या कृष्णवर्णीय वादकाने हे फिडलवादन म्हातारपणापर्यंत जपले. त्यांच्याकडे शिकलेल्या कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स या वृंदाला २०११मध्ये ग्रॅमी मिळाले. या वृंदापासूनच ऐकायला सुरुवात कर.

व्हर्जिनियातल्या गॅलॅक्सला १९३५पासून फिडलवाल्यांचा मेळावा भरतो, हल्ली तो ऑगस्टमध्ये असतो. खरी मजा व्यासपीठावर नसून मैदानात उभ्या केलेल्या गाड्यांच्या आणि तंबूंच्या मधल्या बैठकींत असते. तू या वर्षी यायचे म्हणतोस, तर ऑगस्टचेच तिकीट काढ. इथून तीनेक तासांची वाट आहे, गाडी मी चालवीन. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
माधव