उघाडीच्या तोंडाशी

डार्विन (ऑस्ट्रेलिया),
एप्रिल

ती. काकीस,
शि. सा. न. वि. वि.

तू फोनवर आपलं जिताड्यांचं तळं विकायचा विषय काढलास, पण मागे दादाची पोरं, टीव्ही, त्यात रेंज जाते-येते. असलं बोलणं फोनवर होत नाही, म्हणून कागद घेतला. दादाला सावकाश वाचून दाखवायला सांग.

इथला पावसाळा आता सरतोय. नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस, मग सगळं कोरडं. नद्यांचं पाणी महिनोन्महिने सपाट माळांवर पसरून असतं, ते या दिवसांत ओसरतं आणि लहान लहान ओहळांनी खाडीत उतरतं. त्या ओहळांच्या तोंडाशी माणसं होड्या नांगरून बसतात. कशासाठी? जिताड्यासाठी! इथे त्याला बारामंडी म्हणतात. जात तीच, चव तीच, रुबाबही तोच.

परवा ऑफिसातल्या एकाबरोबर शेडी कॅम्प नावाच्या जागी गेलो होतो, मेरी नदीवर. तिथे नदीत आडवा दगडी बांध घातलाय. एका अंगाला भरती-ओहोटीचं खारं पाणी, दुसऱ्या अंगाला गोडं. खारं पाणी आत शिरून गोड्या पाणथळी मरायला लागल्या, म्हणून हे बांध घातले. मी बांध पाहिला आणि मनात म्हटलं, हा तर आपला खारेपाट! आतलं पाणी बाहेर सोडणारी उघाडीची झडप तेवढी नाही. माझ्या सोबत्याने मोठ्या उत्साहाने सांगितलं की ओहोट लागल्यावर मासा कुठे थांबतो हे इथल्या जाणत्यांनाच कळतं. मी मान डोलावली. त्याला काय सांगू, मला हे सातवी-आठवीतच कळलं होतं, तेही गुडघाभर चिखलात उभं राहून.

नानाकाकांचं गरी टाकून बसणं तुला मी काय सांगायचं, पण तू घरी असायचीस आणि मी बांधावर. उधाणाच्या दिवसांत ते भरतीकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. पाणी फिरलं, उघाडीची झडप आतल्या पाण्याच्या रेट्याने किलकिली झाली, की बिडी विझवायची. "थांब, पाणी उतरू दे." शेतातलं पाणी फेसाळत बाहेर पडायचं, त्याबरोबर कोळंबी, बारकी बोयटं वाहत यायची, आणि त्यांच्यावर टपलेला जिताडा झडपेच्या बाजूला, जिथे पाणी गोल फिरून संथ होतं, तिथे. ओढीत नव्हे, ओढीच्या कडेला. काठी नाही की काही नाही. बाटलीला गुंडाळलेली तंगूस, गरीला जिवंत बोयट, आणि तर्जनीवर तंगुशीचा एक वेढा. मासा लागला की आधी बोट पांढरं पडायचं. नाना तरी ओढायचे नाहीत. ओठ हलायचे फक्त. देवाचं नाव घेत असतील असं मला वाटायचं. एकदा कान देऊन ऐकलं तर शिव्या होत्या.

त्यांच्या उजव्या अंगठ्यावरचा तो आडवा व्रण जिताड्याच्या कल्ल्याचा. कल्ल्याची कड वस्तऱ्यासारखी असते, बोट घालून उचलायला गेलं की कापलंच. इथे होडीत मला पहिली सूचना तीच मिळाली. आणि रात्री बॅटरी मारल्यावर पाण्यात जिताड्याच्या डोळ्यांचे लाल निखारे दिसतात ना, तेही मी नानांकडूनच पाहिलेलं. इथे मात्र निखारा दिसला की आधी मागे सरायचं, कारण तो मगरीचा डोळा असू शकतो. 1971 पासून मगरींना कायद्याचं संरक्षण आहे आणि त्या भरपूर वाढल्यात. काठावर मासा साफ करायचा नाही, पाण्यापासून पाच मीटर लांब राहायचं. नाना इथे दोन दिवस टिकले नसते!

बाकी गोष्टी त्यांना पटल्या असत्या. डार्विनला मोठं उधाण असलं की भरती-ओहोटीत आठ मीटरपर्यंत फरक पडतो. आपल्याकडे पाच म्हणजे डोक्यावरून पाणी. 55 सेंटिमीटरपेक्षा लहान जिताडा परत सोडायचा असा नियम आहे. पुष्कळजण फार मोठाही सोडतात, कारण मोठा म्हणजे मादी. हा मासा नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी मादी होतो. नाना म्हणायचे ते आठवतं? "बारक्या जिताड्यात गाभोळी म्हणून कधी बघितली नाय." आपण हसायचो. बरोबर होतं त्यांचं.

आता तळ्याचं. सातबाऱ्यावर बाबांचंही नाव आहे म्हणून तू मला विचारतेस, हे कळतं मला. दादाला पैशाची नड असेल तर सरळ सांगावं, मी आडवा येणार नाही. पण "बघायला कोणी नाही, बांध खचलाय, गिऱ्हाईक चांगलं आलंय" एवढंच असेल, तर माझ्याकडून नाही म्हण. एकदा मातीचा भराव पडला की पडला. आजोबा सांगायचे, चरीच्या शेतकऱ्यांच्या संपात, 1933 ते 1939, शेतं पडीक ठेवली तेव्हा खाडीतल्या चिंबोऱ्या-निवट्यांवर घरं जगली. तळं त्या मानाने चैनच आपली. नानांनी त्यातला एक जिताडा कधी विकला नाही; कोणाकडे नवी सून आली, कोणी आजारातून उठलं, की मासा त्या दारात. गावात आपल्या घराला जो मान आहे तो काही माझ्या परदेशाच्या नोकरीमुळे नाही, काकी.

बांधाचा खर्च मी पाठवतो. दादाला सांग, पहिल्या पावसाची वलगण लागायच्या आत काम उरकून घ्या, ओल्या मातीत बांध धरत नाही. पावसाळ्यात खाडीत पिल्लं मिळतील ती आणून सोडा, पण त्याआधी तळ्यातले मोठे काढा, नाहीतर ते सगळी पिल्लं फस्त करतील. नाना पिल्लंसुद्धा आकार बघून वेगळी करायचे, दादाने तेवढं लक्षात ठेवावं.

तुझा मसाला अजून पुरवून वापरतोय. परवाच्या माशाचं कालवण हिने केलं, चिंच जरा जास्त झाली, पण सोबत्याने ताट पुसून खाल्लं.

आषाढात नानांना वर्ष होईल, तेव्हा रजा नाही. गौरी-गणपती झाल्यावर येतो. मोठ्यांतला एक बाबांकडे पाठव, एक मास्तरांकडे. मुंडकं मात्र दादाला देऊ नकोस, ते माझ्यासाठी फ्रीजरमध्ये ठेव.

मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुझा,
बाळ्या