मिशन ट्रिपचे शेवटचे दिवस नुसते फेअरवेलमध्ये घालवू नका

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

चर्चमधून परदेशी मिशन ट्रिपला, म्हणजे थोड्या दिवसांच्या सेवेच्या आणि प्रचाराच्या दौऱ्याला, टीम निघायची असली की तयारी किती जोरात असते, प्रार्थना होतात, पैसे जमवले जातात, गाणी आणि स्किट बसवली जातात, पहिल्या दिवसाचा कार्यक्रम तर तासातासाचा ठरलेला असतो. पण शेवटच्या दोन-तीन दिवसांचं बघाल तर त्या कागदावर बहुतेक वेळा एवढंच लिहिलेलं असतं, फेअरवेल, साइटसीइंग, शॉपिंग, एअरपोर्ट. मी अशा टीमबरोबर जाऊन आलेय आणि माझं आता पक्कं मत झालंय की ट्रिपचा तिथल्या लोकांना काही उपयोग झाला का हे याच शेवटच्या दिवसांत ठरतं, म्हणून हे पत्र.

बायबल उघडून सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती प्रचारक पौल याचा पहिला मिशनरी प्रवास बघा, प्रेषितांची कृत्ये अध्याय 14. दर्बेला पोचल्यावर पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांना सरळ पुढे किलिकियातून जमिनीवरून घरी जाता आलं असतं, नकाशा काढून बघा, तो रस्ता खरंच जवळचा होता. पण ते उलटे फिरले. लुस्त्र, इकुन्या, पिसिदियातलं अंत्युखिया, आधी काम केलेली हीच गावं, आणि ज्या लुस्त्रात लोकांनी पौलाला दगडमार करून मेला समजून गावाबाहेर ओढून टाकलं होतं त्याच गावात परत गेले, शिष्यांना धीर दिला, प्रत्येक मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, वडील म्हणजे जबाबदार पुढारी नेमले, उपास आणि प्रार्थना करून त्यांना प्रभूच्या हाती सोपवलं आणि मगच जहाज पकडलं. म्हणजे परतीचा सगळा टप्पा त्यांनी काम तिथल्याच माणसांच्या हातात द्यायला वापरला. आपण मात्र शेवटच्या संध्याकाळपर्यंत सगळं स्वतःच करत राहतो, मुलांचा वर्ग आपणच घेतो, गिटार आपणच वाजवतो, आणि सकाळी सातच्या व्हॅनने निघून जातो. दुपारी त्या वर्गासमोर कोण उभं राहणार हे कोणालाच माहीत नसतं.

मेडिकल कॅम्प असेल तर हे फारच गंभीर होतं. ब्लड प्रेशरच्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात, पुष्कळ जणांना त्या वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात. आपण तपासतो, महिनाभराच्या गोळ्या देतो आणि निघतो, महिन्यानंतर त्या पेशंटने काय करायचं? एका ट्रिपमध्ये मी हे नीट केलेलं पाहिलंय. शेवटच्या दोन रात्री आमची डॉक्टर आणि तिथली नर्स चर्चच्या बाकावर शेजारी बसल्या होत्या, मध्ये एक जाड वही, एकेका पेशंटचं नाव, वय, रीडिंग, कुठली गोळी, किती दिवसांची दिली, पुन्हा कधी तपासायचं, आणि शेवटच्या रकान्यात जवळच्या सरकारी दवाखान्यात ती गोळी मिळते का. जी गोळी तिथे मिळत नव्हती ती डॉक्टरने बदलून तिथे मिळणारी लिहिली आणि दुसऱ्या दिवशी नर्सबरोबर घरोघरी जाऊन समजावून सांगितली. उरलेल्या औषधांच्या एक्स्पायरी डेट बघून, जवळ आलेली बाजूला काढून, बाकीची यादीसकट नर्सच्या ताब्यात दिली. त्या दिवशी टीमचं साइटसीइंग रद्द झालं, काही जण नाराज झाले, पण माझ्या मते अख्ख्या ट्रिपमधलं सगळ्यात मोलाचं काम ते होतं.

आता मुलांचं. हे लिहिताना मला अजूनही जड जातं. अनाथाश्रमात किंवा होस्टेलमध्ये टीम गेली की दोन दिवसांत मुलं गळ्यात पडतात, आपल्याला वाटतं किती प्रेम लावलं यांनी. एका ठिकाणी निरोपाच्या कार्यक्रमाला एक सात-आठ वर्षांचा मुलगा आलाच नाही, हॉलच्या मागच्या पायरीवर भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी जवळ जायला लागले तर तिथल्या ताईंनी मला थांबवलं, म्हणाल्या राहू दे, प्रत्येक टीम जाताना तो असंच करतो. प्रत्येक टीम! म्हणजे आपल्याला जो एक हृद्य निरोप वाटतो तो त्याच्यासाठी कितवा होता कोण जाणे. ओळख झालेली माणसं पुन्हा पुन्हा सोडून गेली की मुलांच्या मनावर काय परिणाम होतो हे बालमानसशास्त्र फार आधीपासून सांगतंय, आणि 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सुद्धा बालहक्कांच्या ठरावात अनाथाश्रमांतल्या व्हॉलंटियरिंगमुळे होणाऱ्या नुकसानाची दखल घेतलीय. त्यामुळे मुलांना कुशीत घेण्याचं काम रोजच्या माणसांकडेच राहू द्या, टीमने रंगकाम करावं, स्वयंपाकात मदत करावी, तिथल्या शिक्षकांना ट्रेनिंग द्यावं. आणि आपण कधी जाणार हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावं, शेवटच्या रात्री रडारड करून नको. त्या रडणाऱ्या मुलांचे फोटो फेसबुकवर टाकणं तर कृपा करून बंद करा.

निरोपाच्या भाषणात आणखी एक गोष्ट हमखास होते, "आम्ही पुढच्या वर्षी नक्की येऊ". भावनेच्या भरात बोललं जातं, कोणाला लॅपटॉपचं सांगितलं जातं, कोणाला कॉलेजच्या फीचं, आणि तिथला पाळक, म्हणजे चर्चचा पास्टर, नंतर वर्षभर त्या लोकांना उत्तरं देत बसतो. पौलाने इफिसच्या मंडळीच्या वडिलांना मिलेत गावी बोलावून घेतलं तेव्हा स्वच्छ सांगितलं की तुम्ही माझं तोंड पुन्हा पाहणार नाही. ते गळ्यात पडून रडले, पण खोटी आशा त्याने दिली नाही. आणि त्याच भाषणात तो हेही म्हणाला की मी कोणाच्या सोन्या-रुप्याचा, कपड्यांचा लोभ धरला नाही, स्वतःच्या हातांनी कष्ट केले, म्हणजे जाता जाता हिशोबही उघडा केला. आपल्या टीमनेसुद्धा जायच्या आधी यजमान मंडळीबरोबर बसून किती खर्च झाला, काय उरलं, काय देतोय आणि काय देऊ शकत नाही हे कागदावर लिहून द्यावं, त्यात लाज कसली.

पैशाचा विषय निघालाच आहे तर सांगते. 1998 साली मिच चक्रीवादळाने होंडुरासची वाताहत केली, त्यानंतर घरं बांधायला उत्तर अमेरिकेतून ख्रिस्ती टीम गेल्या. कर्ट व्हेर बीक या समाजशास्त्रज्ञाने नंतर त्या कुटुंबांशी बोलून अभ्यास केला, तो 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. घर परदेशी टीमने बांधलेलं असो की तिथल्या संस्थेने, राहणाऱ्या कुटुंबाच्या आयुष्यात त्याला फारसा फरक दिसला नाही, खर्चात मात्र दिसला, टीमचा प्रवास धरला तर एका घरामागे साधारण 30,000 डॉलर आणि स्थानिक संस्थेचं घर साधारण 2,000 डॉलरमध्ये. आणि टीममधून घरी परतलेल्यांच्या देणग्यांत, वागण्यातही टिकणारा बदल थोडाच होता. हे वाचून कोणी म्हणेल मग जाऊच नका, मी तसं म्हणत नाही. नातं जुळतं, प्रार्थना एकत्र होते, ते घराच्या किमतीत मोजता येत नाही हे मला मान्य आहे. पण एवढा पैसा खर्च करून जाताय तर मागे काहीतरी चालू राहील अशी सोय करूनच निघा.

विश्रांतीच्या विरुद्ध मी नाही. प्रेषित, म्हणजे येशूने पाठवलेले शिष्य, काम करून परतले तेव्हा येशूनेच त्यांना म्हटलं, एकांतात चला आणि थोडा विसावा घ्या. एक दिवस शांत बसा, टीमबरोबर मोकळं बोला, काय चुकलं काय जमलं तेही बोला, तिथल्या माणसाला समोर बसवून विचारा की पुढच्या टीमने काय करू नये. आणि मलेरियाच्या भागात गेला असाल तर विमानात बसलं की मलेरिया होऊ नये म्हणून घेत असलेल्या गोळ्या थांबवू नका, डॉक्सिसायक्लिन आणि मेफ्लोक्विन परतल्यावरही 4 आठवडे घ्यावी लागते, अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल 7 दिवस, आणि नंतर कित्येक महिन्यांनी ताप आला तरी डॉक्टरला कुठे गेलो होतो ते आधी सांगा. टीम लीडरने हे शेवटच्या मीटिंगमध्ये सांगायलाच पाहिजे, बहुतेक जण विसरतात.

आपल्या पेपरला एक विनंती आहे. परतलेल्या टीमचे फोटो आणि साक्षी, म्हणजे त्यांचे विश्वासाचे अनुभव, छापता ते छानच आहे, पण त्यासोबत यजमान मंडळीच्या पाळकांना किंवा तिथल्या नर्सला, शिक्षकाला, टीम गेल्यावर सहा महिन्यांनी फोन करून त्यांचंही चार ओळी मत छापा. फोन नंबर टीमकडे असतोच.

आपली,
एक वाचक