डाव्या काठाचा धोटा

प्रिय आई, बाबा,

सा. न.

फोन लावला की आई आधी "जेवली का?" विचारते आणि माझं सांगायचं राहून जातं. म्हणून पत्र लिहिते आहे. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा. मध्येच चष्मा काढून ठेवू नका.

पुण्याची नोकरी मी सोडली. दीड महिना झाला. आधी विचारलं नाही, कारण तुम्ही "तुझी मर्जी" म्हणाला असता आणि रात्रभर छताकडे बघत पडला असता. आता बेंगळुरूला आहे. वर्षभराचं भाडं निघेल एवढे पैसे बाजूला ठेवलेत. बाबांच्या औषधांचे पैसे एक तारखेला येतील, जसे येतात तसेच. संध्याकाळी लहान मुलांचे दोन वर्ग घेते, त्यात किराणा भागतो. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, भरपूर हवा, सोबतीला एक ओडिशाची मुलगी. ज्वारीचं पीठ मिळतं. आईने दिलेला सावजी मसाला अजून अर्धा डबा आहे, जपून वापरते. अंगावर काढत नाही, दूध घेते, रात्री दाराला आतून कडी लावते. झालं?

आता खरं सांगायचं ते. जानेवारीत नागपुरात, वसंतराव देशपांडे सभागृहात, माझा पंचेचाळीस मिनिटांचा नाच आहे. बाबांच्या हातमागाचा.

आई, घरातलं चव्हाट्यावर कशाला, असं तू म्हणशील. हा नाच कसा झाला ते आधी ऐक. इथे आमच्या गटात कोणी पावलं शिकवून नाच बसवत नाही. जर्मनीत पिना बाउश म्हणून एक बाई होत्या, 2009 मध्ये गेल्या. त्या नाचणाऱ्यांना प्रश्न विचारायच्या आणि जे उत्तर अंगातून येईल त्यातून नाच उभा करायच्या. आमच्याकडेही तीच रीत आहे. एक दिवस प्रश्न आला: हात रिकामे असले की काय करतात? मी बसले होते. माझा अंगठा आणि तर्जनी आपोआप ओढणीच्या कडेला पीळ घालायला लागले. आणि मला रडू आलं. बाबा, माग गेल्यानंतर टीव्हीसमोर बसून तुम्ही चादरीच्या कडेशी हेच करायचात. बोट जिभेला लावायचं, पीळ द्यायचा, तुटलेला धागा सांधायचा. धागा नसायचाच. आई म्हणायची, "अहो, चादर फाटंल."

त्या दोन बोटांपासून नाच सुरू होतो. पुढचा सगळा करवतकाठी साडीचा आहे. टसरचं अंग, सुती काठ आणि आडवा धागा इकडून तिकडे नेणारे तीन धोटे: एक अंगाचा, दोन काठांचे. दर फेरीला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवायचा. तुम्ही मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचात आणि डाव्या काठाचा धोटा माझ्याकडे असायचा. नऊ वर्षांची होते मी. तुम्ही नुसतं "दे" म्हणायचात. नाचात तेवढा एकच शब्द आहे, बाकी बोलणं नाही, गाणं नाही. धागा तुटला की मी घाबरायची, तर तुम्ही म्हणायचात, "तुटला त रडून काय होते? सांध."

भरतनाट्यमच्या वर्गात बाई सात वर्षं एकच चूक काढत राहिल्या, की माझा डावा पाय ठेक्याआधी क्षणभर थांबतो. मी तो मोडायचा केवढा प्रयत्न केला! आता कळतं, तो धोट्याची वाट बघत थांबायचा. इथे मी तो तसाच ठेवलाय.

एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. दहावीत असताना वर्गात वडील काय करतात विचारलं, तेव्हा मी "साड्यांचं दुकान आहे" म्हणाले. त्याच दिवशी तुम्ही मला न्यायला फाटकाशी आला होतात, बंडीवर टसरचे धागे चिकटलेले, आणि मी मैत्रिणी पांगेपर्यंत आतच थांबले. तुम्ही "काहून उशीर?" एवढंच विचारलंत. बाबा, त्याची माफी मागते.

म्हणून पहिला प्रयोग नागपुरातच करायचा, हे मी ठरवलं. आई, अमेरिकेत आल्विन एली नावाचे काळे नर्तक होते. टेक्सासमधलं बालपण, तिथल्या चर्चमधली भजनं, यावर त्यांनी 1960 मध्ये नाच बसवला. 1971 मध्ये एक नाच आईच्या वाढदिवसाची भेट म्हणून केला. आणि आपल्या महाराष्ट्रातल्या, वाड्याला जन्मलेल्या चंद्रलेखा. त्यांनी 1985 मध्ये भरतनाट्यमसोबत कलरीपयट्टू आणि योग रंगमंचावर आणले. तेव्हा हे माझं एकटीचं खूळ नाही. घुंगरू नाहीत, दागिने नाहीत म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. अंगावर तुझी जुनी जांभळी आहे, फाडलेली नाही, नुसती गुंडाळलेली.

त्या मे महिन्यातलं मी काही दाखवलेलं नाही. नानाकाकांचा उल्लेखही नाही. माग कसा गेला, कशासाठी गेला, हे आपल्या तिघांत राहील. शेवटी जमिनीवर उजेडाचा चौकोन उरतो, खड्ड्याएवढा. तुम्हाला ते बघवलं नाही तर डोळे मिटा, मला चालेल.

आता ऐका. तांडापेठेतून ऑटोनेच या, पैसे मी आधीच पाठवते. बसने आलात तर मी बोलणार नाही. बाबा, गुडघ्याचा पट्टा लावायचा. खड्ड्यातल्या ओलीत इतकी वर्षं काढलेले पाय आहेत ते, थंडीत हट्ट नको. स्वेटर दोघांनीही. जागा कडेच्या ठेवल्यात, पाय लांब करता येतील. आई, शुगरची गोळी घेऊन, जेवून निघ. कार्यक्रमानंतर कोणी पेढा दिला तर हातात धर. त्या दुसऱ्या विषयाचं मी आल्यावर बोलू, तोवर मावशीला काही कळवू नकोस.

आणि बाबा, प्रयोगाच्या दिवशी दुपारी तीनला या, बाकी लोक यायच्या आधी. मध्यावर तीन धोट्यांचा भाग आहे, तिथे माझे हात चुकतात असं मला वाटतं. इथे कोणालाच कळत नाही. तुम्ही समोर बसा आणि "दे" म्हणा, म्हणजे मला वेळ सापडेल.

तुमची,
चिमी