जाहिरातीत पगाराचा आकडा हवा

लहान उद्योगांना कामगार मिळत नाहीत, ही आपल्या अंकातील बातमी वाचली. लातूरमध्ये माझी लहान डाळमिल आहे. मला वाटते, दोष बराचसा आपल्या जाहिरातीत आहे. मीही मोबाइलवर ‘हेल्पर पाहिजे, पगार आकर्षक’ एवढेच टाकले होते. दिवसभर फोन खणखणत राहिला. दुसऱ्या दिवशी औशाहून एक मुलगा एसटीने आला. काम 50 किलोची पोती उचलण्याचे आहे, हे त्याला इथे आल्यावर कळले. दोन घोट पाणी पिऊन तो तसाच परतला. त्याचा रोज बुडाला, भाडेही गेले. ते मला आजही सलते.

पुढच्या जाहिरातीत पगार, वेळ, वजन, सुट्टी सारे लिहिले. फोन मोजकेच आले, पण त्यातले दोघे टिकले. शासनाच्या ‘महास्वयम्’ संकेतस्थळावरही रिक्त जागा विनामूल्य नोंदवता येतात. आपल्याकडचे किती दुकानदार तिकडे वळतात? खासगी संकेतस्थळांनी निदान पगाराचा रकाना भरल्याशिवाय नोकरीची जाहिरात स्वीकारू नये. आणि नोंदणीच्या नावाखाली उमेदवाराकडे पैसे मागणारी जाहिरात दिसताच काढून टाकावी.

– एक डाळमिलचालक, लातूर